पलंगातले तात्याराव

हिराबाईंच्या घरात भूत होतं, आणि ते त्यांच्या नवऱ्याचं होतं. बरं, सांगायची सोय नाही. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर चार बायकांत बसून रडता तरी आलं असतं. पण हे तात्याराव! टपाल खात्यात पस्तीस वर्षं पत्रं लावली आणि दर रविवारी विहारात उभं राहून अंधश्रद्धेचं पितळ उघडं पाडलं. वडिलांनी, म्हणजे महिपतींनी, छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, ती दोन वर्षांच्या तात्यारावांना खांद्यावर बसवून. घरी आल्यावर देव्हारा नदीत सोडला, आणि त्या दिवसापासून या घराण्यात भुताखेताला थारा नव्हता. "भूत दिसलं तर मला बोलवा," तात्याराव भाषणात म्हणायचे, "मी टेप घेऊन येतो. मोजता आलं तर मानू." लोक हसायचे. अशा माणसानं मेल्यावर परत यावं म्हणजे काय? जनाची नाही तर मनाची तरी?

तात्याराव एकसष्टाव्या वर्षी गेले. सकाळी पोहे खाल्ले, छातीत कळ आली, रुग्णालयात नेलं, संध्याकाळी संपलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि हिराबाई धनकवडीच्या तिसऱ्या मजल्यावर मुलासुनेसोबत राहू लागल्या. चार वर्षं काही नाही. मग एका दुपारी, सून शाळेत शिकवायला आणि मुलगा ऑफिसला गेलेला असताना, त्या डाव्या कुशीवर आडव्या झाल्या आणि डोक्याशी आवाज आला.

टक्. टक्. टक्.

नाना पेठेतून घडवून आणलेला लोखंडी पलंग, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचा. डोक्याकडच्या दांड्यांवर पितळी टोप्या. त्यातली तात्यारावांच्या बाजूची टोपी ढिली झाली होती आणि ती वाजत होती. हळू, पण अगदी बेतशीर.

हिराबाई चाळीस वर्षं तात्यारावांच्या हाताखाली तयार झालेल्या, घाबरून आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी पंखा बंद केला. आवाज चालूच. सोसायटीचा पाण्याचा पंप चार वाजता लागतो, तेव्हा तो नव्हे. शेजारच्यांचा मिक्सर नव्हे. पलंग भिंतीपासून हातभर ओढला, तरी तेच. टोपीखाली कागदाची घडी कोंबली, तेव्हा थांबला. घडी काढली, पुन्हा सुरू. म्हणजे आवाज कुठून येतो ते सापडलं होतं. कोण काढतं ते सापडलं नव्हतं. त्यांनी तात्यारावांचं घड्याळ काढून मोजलं, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. मोजता येत होतं!

उठून बसलं की बंद. आडवं झालं की सुरू. यात हिराबाईंना काही विचित्र वाटलं नाही. रिकाम्या पलंगावर तो माणूस कशाला येईल?

शेवटी एका दुपारी त्यांनी धीर केला. उशीत तोंड घालून त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही आहात का? असाल तर जोरात वाजवा."

आणि वाजलं. टक्-टक्-टक्-टक्, इतकं जोरात आणि इतकं भराभर, की टोपी थडथडली. हिराबाई तशाच पडून राहिल्या आणि हमसून हमसून रडल्या. चार वर्षांत रडल्या नव्हत्या इतक्या.

त्या दिवसापासून दुपारचे दोन तास दोघांचे. त्या सांगायच्या, ते ऐकायचे. नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हटलं की लगबगीनं वाजायचे. विहाराच्या जागेवरून भांडणं लागलीत म्हटलं की धाडधाड. तीन जिने चढून आल्या आल्या आडव्या झाल्या, तर रागावल्यासारखे किती तरी वेळ शांत व्हायचे नाहीत. "एवढी पिशवी कशाला उचललीस, असंच म्हणताय ना?" हिराबाई कौतुकानं म्हणायच्या. जिवंतपणी या माणसानं बायकोचं इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतं.

त्याच वर्षी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब मोजला आणि तोंड वाकडं केलं. रोज सकाळी एक गोळी, चुकवायची नाही. हिराबाईंनी इमानेइतबारे दोन महिने घेतली. आणि काय झालं? आवाज बारीक होत गेला. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तर कान उशीत रुतवावा तेव्हा कुठे काहीतरी, दूरवरून. हिराबाई काय समजायचं ते समजल्या. ही गोळी माणसाला तिकडचं ऐकू देत नाही. तिसऱ्या महिन्यापासून त्या रोज सकाळी एक गोळी पाकिटातून फोडायच्या आणि बेसिनमध्ये सोडायच्या. पंधरा दिवसांत तात्याराव परत आले. गोळी बेसिनला आणि नवरा आपल्याला, असा तो सहा वर्षं चाललेला संसार होता.

तर असं सगळं आलबेल असताना यंदा मार्चमध्ये अभिनव ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट हातात घेऊन उभ्याउभ्या कोसळला.

अभिनव त्यांचा एकुलता एक. वय त्रेचाळीस, हिंजवडीला कामाला, स्वभाव बापाचा. रक्तदाब निघाला एकशे नव्वदवर एकशेदहा. स्वारगेटजवळच्या हृदयाच्या दवाखान्यात सोनोग्राफी केली, ती इको म्हणतात ती. डॉक्टर शौनक म्हणून तरुण माणूस होता, बोलणं तुटक पण खरं. "हृदय वाढलंय," तो म्हणाला. "डावीकडची भिंत सोळा मिलिमीटर. दहा हवी. रक्तदाबानं वाढतेच, तालमीत दंड फुगतो तशी. पण तेवढ्याच रक्तदाबाच्या दहा जणांत सगळ्यांची इतकी जाडत नाही. हे बरंचसं रक्तातून येतं. घरात आणखी कुणाला?"

"बाबा हार्टनंच गेले," अभिनव म्हणाला.

"त्यांचे जुने कागद आणा. आणि आईंनाही घेऊन या. त्यांचाही इको करू."

हिराबाईंनी कपाटातून फाइल काढली. तात्यारावांची फाइल त्यांनी नीट जपली होती. ती छातीशी धरून त्या रिक्षात बसल्या आणि वाटेत त्यांना एकच घोर होता: म्हणजे यांचंच दुखणं पोरानं घेतलं तर. यांना विचारलं पाहिजे, काय करू.

इकोच्या खोलीत अंधार केला होता, फक्त मशीनचा उजेड. चैताली नावाची पोर होती मशीन चालवायला. तिनं हिराबाईंना तपासणीच्या खाटेवर डाव्या कुशीवर निजवलं, छातीवर गार जेली लावली आणि हात फिरवू लागली. खाटेच्या नळीला तारा टांगायचा एक लोखंडी आकडा अडकवलेला होता.

टक्. टक्. टक्.

आकडा नळीवर वाजत होता. तोच ठेका, तसाच बेतशीर. सहा वर्षांत तात्यारावांनी त्या पलंगाबाहेर पाऊल ठेवलं नव्हतं. आज इथं, परक्या ठिकाणी, पोरीबाळींसमोर!

"अहो, इथे कशाला आलात?" त्या पुटपुटल्या.

"काय म्हणालात, आजी?"

"तुला ऐकू येतंय का गं? टक् टक् असं?"

चैतालीनं कान दिला. "हां, तो आकडा वाजतोय. थांबा, तुम्हाला खरा आवाज ऐकवते." तिनं एक बटण दाबलं आणि खोलीभर धाप लागल्यासारखा आवाज भरला, घप्प, घप्प. पडद्यावर काळ्यापांढऱ्यात काहीतरी आवळत होतं, सुटत होतं. ते आवळलं की आकडा टक् करी. आवळलं, टक्. आवळलं, टक्.

"हे कुणाचं?" हिराबाईंनी विचारलं.

"तुमचंच, आजी. दुसरं कुणाचं असणार? आता जरा श्वास रोखून धरा."

त्यांनी श्वास रोखला. पडद्यावरचं ते मंदावलं. आकडाही मंदावला. मधेच एक ठोका चुकला, आणि आकडाही चुकला. हिराबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. सगळं तपासलं होतं, पंखा, पंप, मिक्सर, भिंत. टेप घेऊन फिरणाऱ्या माणसाची बायको, पण एकदाही स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं नव्हतं.

"श्वास सोडा आजी, सोडा! रडताय का? दुखतंय का?"

बाहेर डॉक्टर शौनकनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. "आईंची भिंत पंधरा," तो म्हणाला. "आणि बाबांची ही जुनी तपासणी बघा, नऊ. त्यांचं हृदय मापात होतं, रक्ताची नळी कोंदली म्हणून गेले. म्हणजे अभिनव, तुमचं हे बहुतेक आईंकडून आलंय. रक्ताची एक तपासणी पाठवू, मुलीचीही एकदा करून घ्या. आजी, प्रेशरची गोळी रोज घेता ना?"

हिराबाईंना खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. "नाही," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं नाही."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. पण अभिनवचा चेहरा मात्र खुलला. "बघा!" तो म्हणाला. "सहा वर्षं गोळी नाही, भिंत माझ्यासारखीच, आणि सदुसष्टाव्या वर्षी पिशवी घेऊन तीन जिने चढते. मग मलाच काय धाड भरलीय? एकदा गोळी सुरू झाली की जन्माची मागे लागते. मी चालायला जाईन, मीठ सोडीन, बास."

"आईंचं नशीब जोरावर आहे," डॉक्टर म्हणाला. "तेही तुम्ही रक्तातून घेतलंय असं कागदावर कुठे दिसत नाही. कँटीनमध्ये पडलात तेव्हा ठोका चुकला असणार. पुढच्या वेळी तो परत सुरू होईलच असं मी लिहून देणार नाही." पण अभिनवनं ऐकलं नाही. बापाचा मुलगा तो, पुरावा समोर बसलेला होता, दोन पायांवर, धडधाकट.

प्रियदर्शनीनं, म्हणजे सुनेनं, घरी आकाशपाताळ एक केलं. गोळ्या आणल्या, ताटाशी ठेवल्या, अबोला धरला. अभिनवचं उत्तर ठरलेलं: "आईला विचार."

आणि आई काय करत होती? आई अजूनही दुपारी पलंगावर आडवी होत होती. आता कळलं होतं, सगळं कळलं होतं. पण कळल्यानं टोपी वाजायची थांबली नव्हती. पहिल्या दिवशी हिराबाईंनी मनगटावर बोट ठेवून मोजलं. मेळ बसला, ठोक्याला ठोका. मग त्यांनी बोट काढून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "असाल तर जोरात वाजवा." आणि त्यांच्या डोळ्यांदेखत टोपी थडथडली. माझंच आहे, हिराबाई स्वतःला म्हणाल्या, असू दे माझं. पण उत्तर तर येतंय. कुणाचं काय बिघडतंय?

बिघडत होतं ते पुढच्या रविवारी कळलं.

प्रियदर्शनी माहेरी गेली होती. अभिनव जेवला आणि थकवा वाटतो म्हणून आईच्या पलंगावर येऊन आडवा झाला, डाव्या कुशीवर, तात्यारावांच्या बाजूला. डोळा लागला. हिराबाई समोरच्या खुर्चीत लसूण सोलत बसल्या होत्या. खिडकीबाहेर कडक ऊन, रस्ता सामसूम, कुठे कुत्रंही भुंकत नव्हतं.

टक्. टक्. टक्.

हिराबाईंच्या हातातली पाकळी गळून पडली. त्या खुर्चीत होत्या. पलंगावर नव्हत्या. त्यांनी झटकन मनगट धरलं, आणि मेळ बसेना. त्यांचा ठोका वेगळा, टोपीचा वेगळा. टोपी जास्त जड वाजत होती, कुणी आतून बाहेर यायला बघत असल्यासारखी. क्षणभर, खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला. म्हणजे तुम्ही होतात! त्यांनी मान पुढे केली, ओठ उघडले, आणि मग त्यांचं लक्ष पोराच्या सदऱ्याकडे गेलं. छातीवरचं कापड हलत होतं. हललं, टक्. हललं, टक्.

आणि थांबलं.

टोपी थांबली, कापड थांबलं. हिराबाईंच्या मनगटात एक ठोका गेला. दुसरा गेला. तिसरा. त्या खोलीत फक्त त्यांचं एकटीचं चाललं होतं. अभिनवचे ओठ जरा विलग झाले होते, तात्यारावांचे रुग्णालयात झाले होते तसे. चौथा गेला. "अरे!" त्या किंचाळल्या, "अरे माझ्या बाळा!"

टक्, असं पलंग हादरवून वाजलं, आणि पुन्हा सुरू झालं. अभिनवनं डोळे उघडले. "काय गं? ओरडतेस काय?"

हिराबाईंनी उठून दोन्ही तळहात त्याच्या छातीवर दाबून धरले, तो निसटून जाईल म्हणून. हाताखाली ते धक्के देत होतं, आणि ते त्यांच्याच पोटातून त्याला गेलं होतं. ज्याच्याशी सहा वर्षं गुजगोष्टी केल्या, ज्याला "आहात का" म्हणून लाडानं विचारलं, तेच इथे बसून पोराला खाणार होतं. हिराबाईंना स्वतःची किळस आली.

"माझी गोळी आण," त्या म्हणाल्या. "तुझीही आण."

"आई, परत तेच नको हं."

"तू मला पुरावा म्हणून फिरवतोस ना? आता हा पुरावा गोळी घेणार. मी ज्या दिवशी चुकवीन त्या दिवशी तूही चुकव, मी तोंड उघडणार नाही. आणि मी घेत असताना तू घेतली नाहीस, तर या घरातलं अन्न मला वर्ज्य."

"ही कसली शपथ? बाबा असते तर हसले असते."

"हसू देत," हिराबाई म्हणाल्या. "दहा वर्षांत मला त्यांचं हसू ऐकायला मिळालेलं नाही."

त्याला यातलं काही कळलं नाही. पण आईचे हात छातीवरून निघत नव्हते, म्हणून असेल, तो उठला आणि गोळ्या घेऊन आला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ वाजता एका बशीत दोन गोळ्या. दोघं समोरासमोर बसायची, एकमेकांकडे बघत गिळायची आणि तोंड उघडून दाखवायची. प्रियदर्शनीला हसू यायचं. हिराबाईंना घशातून ती गोळी खाली उतरताना रोज कळायची.

दुपारी त्या आडव्या व्हायच्याच. एप्रिलमध्ये आवाज होता. मेमध्ये उशी सरकवून कान थेट दांडीला लावावा लागला. जूनमध्ये काही दिवस होता, काही दिवस नव्हता, आजारी माणसाचं जेवण असतं तसा. त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. कधी म्हणायच्या, "अहो, पोराचा इको पुन्हा केला, भिंत अर्ध्या मिलिमीटरनं उतरली." कधी नुसतंच, "मी काय करू हो, सांगा ना." एकदा मनात पाप आलं. चार दिवस बेसिनमध्ये सोडली तर? बशीतली गोळी जिभेखाली धरली, तर पोराला काय कळणार आहे? त्यांनी खरंच धरली. अभिनवनं आपली गिळली, आ करून दाखवला आणि म्हणाला, "तू?" हिराबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि गिळून टाकली.

जुलैमधल्या एका मंगळवारी अडीच वाजता त्या दांडीला कान लावून पडल्या होत्या. काही नाही. श्वास रोखला. काही नाही. टोपी बोटानं आणखी ढिली केली. "असाल तर वाजवा," त्या म्हणाल्या. "जोरात नको. एकदाच." दारापर्यंत जाऊन आल्या. तीन जिने उतरून चढावेत, म्हणजे येतील, असंही मनात आलं, चपलाही घातल्या. मग चपला काढून ठेवल्या आणि परत येऊन पलंगावर बसल्या. पितळी टोपी नुसती टोपी होती.

प्रियदर्शनी शाळेतून लवकर आली तेव्हा सासूबाई तशाच बसलेल्या, पदर तोंडात कोंबून. तिनं पर्स टाकली आणि धावली. "आई! काय झालं? छातीत दुखतंय?"

"हे गेले गं," हिराबाई म्हणाल्या.

"बाबा? अहो आई, दहा वर्षं झाली."

"नाही. आज गेले. अडीच वाजता."

प्रियदर्शनी शेजारी बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. नाडी संथ होती, व्यवस्थित होती. हिराबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं.

"अभिनवला फोन लाव," त्या म्हणाल्या. "आज मी बशी मांडायच्या आत घाईत गेलाय, गोळी घेतली का विचार. नसेल घेतली तर सांग त्याला, तुझी आई दुसऱ्यांदा विधवा झाली, आणि तीही फुकट."